कारणाचा रकाना

‘मोडेम बंद करा, तीस आकडे मोजा, पुन्हा चालू करा.’ या एका वाक्यावर मी नऊ वर्षं पगार घेतला. त्यातही तीस आकडे मोजणं ग्राहकाकडे असायचं. मी नुसती वाट बघायची.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. चेन्नईत नुंगंबाक्कमला, काचेच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं तक्रार केंद्र होतं. ज्यांच्या घरचं इंटरनेट हळू चालतं त्यांनी तिथे फोन करायचा आणि आम्ही त्यांचं ऐकून घ्यायचं. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता राहिलेली नाही, आणि राहिली असती तरी तिच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही.

मी मूळची मिरजेची. पदविका इलेक्ट्रॉनिक्सची. नवऱ्याला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले, वर्षभर टीव्हीवरच्या मालिका बघून तमिळ शिकले आणि मुलाखतीला गेले. मालिकांमुळे माझं तमिळ सासूसुनांच्या भांडणाचं होतं. राघवनसाहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, म्हणाले, तक्रार केंद्राला नेमकं असंच हवं.

धंद्याचं गुपित आता सांगायला हरकत नाही. टेलिफोनची जी तांब्याची तार घरात येते तिच्यावरूनच तेव्हा इंटरनेट यायचं. एका तारेवर दोन बिऱ्हाडं. खालच्या मजल्यावर बोलणं, वरच्या मजल्यावर इंटरनेट. दोघांनी एकमेकांच्या संसारात लुडबूड करू नये म्हणून फोनच्या आधी काडेपेटीएवढी एक डबी बसवतात, तिला म्हणायचं फिल्टर. ज्या फोनला ही डबी नाही त्याचा रिसीव्हर उचलला, की वरच्या बिऱ्हाडाचा जीव गुदमरतो आणि स्पीड पडतो. बाकी कारणं म्हणजे जुनी तार, गंजलेला जोड, एक्स्चेंजपासून लांबचं घर, आणि जाहिरातीत स्पीडच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात छापलेला ‘पर्यंत’ हा शब्द. तो शब्द ज्यानं शोधला त्याला आमच्या कंपनीनं पेन्शन द्यायला हवी होती.

ग्राहक नाना तऱ्हांचे. एक निवृत्त गृहस्थ दर वेळी म्हणायचे, “बाई, एखाद्या पुरुष इंजिनियरला द्या.” मग मी फोन शेजारच्या सेल्वीकडे द्यायची. ती आवाज जाड करून तेच वाक्य बोलायची, मोडेम बंद करा, आणि त्यांचं समाधान व्हायचं. आयुधपूजेनंतरच्या आठवड्यात तर आमची धमाल असे. इकडे त्या दिवशी घरातल्या यंत्रांची पूजा करतात. शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर आणि अर्थातच मोडेम. मी विचारायची, “कुठला दिवा लागलाय, हिरवा की लाल?” पलीकडून उत्तर यायचं, “दिसत नाही मॅडम, वरती चंदन लावलंय.” हवा जायच्या भोकांतही चंदन. देव प्रसन्न, मोडेम तापलेला.

तक्रार बंद करताना संगणकावर एक रकाना भरावा लागे: कारण. तिथे खरं लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. बहुतेक वेळा दोष पिलरमध्ये असायचा. पिलर म्हणजे रस्त्याच्या कडेची ती लोखंडी पेटी, जिच्यात गल्लीभरच्या तारांचे जोड असतात आणि जिच्यावर राजकीय पोस्टरं असतात. पण ‘पिलरमधला जोड खराब’ असं लिहिलं की ते आमच्या विभागाच्या खात्यात जमा व्हायचं. म्हणून आम्ही लिहायचो, ‘ग्राहकाचं उपकरण सदोष’. किती घरांतल्या निरपराध फोनना मी दोषी ठरवलं असेल, देव जाणे. त्या रकान्यात मी खरं कारण फक्त एकदा लिहिलं, आणि त्याचीच मला आजवर लाज वाटते.

पद्मा नावाची एक ग्राहक होती. टी. नगरला, साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत राहायची. पहिल्या फोनवर तिनं इंग्रजीत तक्रार सांगितली, मी इंग्रजीत नाव सांगितलं, आणि ती एकदम मराठीवर आली.

“तुम्हीं मराठी आहां? अय्यो अक्का, मग मज इंग्लीश कशाला बोलाय लावलंत?”

मला वाटलं, शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकानंच फोन केलाय. तिचं घराणं तंजावरचं, आजोबांच्या वेळी चेन्नईत आलेलं. तिच्या मराठीला तमिळ हेल होता आणि शब्द आपल्याकडे जुन्या पत्रांत सापडतात तसले. माझ्या मराठीला ती हसायची. म्हणायची, “तुम्हीं हिंदीवाणी बोलतांत.” तीनशे वर्षं परमुलखात राहून मराठी टिकवलेल्या माणसानं असं म्हटल्यावर मिरजेच्या माणसानं गप्प बसावं हे बरं.

ती घरी बसून टायपिंगचं काम करायची. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवत, ते आवाज रात्रीतून इकडे यायचे. सकाळी पद्मानं ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पॅडलनं थांबवत थांबवत ऐकायचे, टाइप करायचे आणि काम देणाऱ्या ऑफिसला ठरल्या वेळेत परत पाठवायचे. वडील गेलेले. घरात ती आणि आई अंबुजाबाई, आणि घर चालायचं ते या पॅडलवर. स्पीड पडला की आवाजाची फाइल उतरायला तास-दीड तास लागायचा आणि काम उशिरा जायचं.

“दोनदां ताकीद दिली ऑफिसांत,” तिनं सांगितलं. “अजून एकदां उशीर झाला तर यादींतून नांव काढतो म्हणून सांगितलेत. मी सुस्त आहे म्हणून त्यांस वाटतं, अक्का.”

मी आमच्या ठरलेल्या प्रश्नांची पोथी उघडली. घरात फोन किती? एकच, खाली हॉलमध्ये. फिल्टर आहे का? आहे, वर मोडेमच्या शेजारी. मोडेम बंद करा, तीस आकडे मोजा. मी माझ्या संगणकावरून तिची लाइन तपासली. स्पीड उत्तम! मी म्हटलं, आता ठीक आहे. ती म्हणाली, आता ठीकच आहे, मघाशी नव्हता. मी तक्रार बंद केली. कारण: ग्राहकाचं उपकरण सदोष.

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, मग पुन्हा, आणि दर वेळी तोच प्रकार. ती फोन करी तेव्हा स्पीड ठणठणीत, तासापूर्वी मेलेला. लाइनमन दोनदा पाठवला. तो जाई तेव्हाही लाइन तंदुरुस्त. त्यानं मोडेम बदलला, तार बदलली आणि शेवटी अहवाल दिला की बाईंना एकटेपणामुळे फोन करायची सवय लागली असावी. राघवनसाहेबांना हे कारण इतकं आवडलं की ते रकान्यासाठी कायमचं मंजूर करून घ्यावं, असा त्यांचा विचार चालला होता.

मला मात्र पद्मा खोटं बोलते असं वाटत नव्हतं. एका बुधवारी सकाळी मी तिच्या तक्रारींच्या वेळा कागदावर उतरवल्या. सोमवारी नऊनंतर लगेच. शनिवारी साडेदहानंतर. शुक्रवारी बारा-पाचला. बुधवारी दीडनंतर, गुरुवारी तीननंतर, मंगळवारी साडेचारनंतर. रोज निराळी वेळ, पण त्या त्या वाराची ठरलेली. कसला यंत्रातला दोष वार बघून येतो? मी डोकं धरून बसले होते. शेजारी सेल्वी रोजच्याप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडत होती. तिनं माझ्या कागदात डोकावलं आणि विचारलं, “तुला कशाला हवाय राहुकाळ? घर घेतेयस?”

मी म्हटलं, “काय?”

तिनं कॅलेंडरच काढून आजचं पान माझ्यासमोर धरलं. खाली छापलेलं होतं: राहुकाळ, बारा ते दीड. तिला सगळ्या वारांचे राहुकाळ पाठ होते, इकडे सगळ्यांनाच असतात. आपल्याकडे राहुकाळ पंचांगात असतो, इथे तो माणसांच्या अंगात भिनलेला. त्या दीड तासात कुणी नवं काम काढत नाही, बोलणी करत नाही, पहिला हप्ता भरत नाही. माझ्या कागदावरची प्रत्येक तक्रार राहुकाळ संपल्यावर पाचएक मिनिटांत आलेली होती.

बाराला दहा कमी होते. मी पद्माच्या घरी फोन लावला. उचलला तो अंबुजाबाईंनी.

“कोण? कंप्लेंट आफीस? पद्मीस बोलवायास नाहीं यायचं. ती वरती कानांत तें घालून बसलीय. तुम्हीं चट्टकन सांगा. दहा मिनिटांत राहुकाल लागतो, मज फोन काढून ठेवायाचा आहे.”

“काढून ठेवायचा म्हणजे, काकू?”

“रिसीवर काढून बाजूस ठेवायाचा. बोंबलतो तो, म्हणून जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवते. रोजच ठेवते की.”

“पण कशासाठी?”

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “पद्मीचं काम जाईल म्हणून भय आहे. आफीसवाले फोन करून सांगतील, उद्यांपासून काम नाहीं म्हणून. तसली गोष्ट राहुकालांत कानांवर पडली तर मग ती फिरत नाहीं. तिचे अप्पा गेल्याची बातमी अशीच आली होती, शुक्कुरवारीं अकरांस. राहुकालांत फोन लागलाच नाहीं तर काय सांगतील? तुम्हीं पद्मीस सांगूं नका हं. ओरडेल ती मज. मीच तिला सांगते, राहुकालांत कंप्लेंट करूं नको, संपल्यावर कर म्हणून.”

सगळं एका क्षणात उलगडलं. फिल्टर वर मोडेमपाशी होता, आणि हॉलमधला फोन त्याच्या आधीच तारेला जोडलेला. म्हणजे रिकाम्या खोलीला पहारेकरी आणि राहत्या घराला काहीच नाही. रोज दीड तास तो रिसीव्हर लुगड्यात गुंडाळलेला, आणि वर पद्माच्या फाइलचा जीव गुदमरलेला. मुलीचं काम जाऊ नये म्हणून आई जे करत होती, त्यानंच मुलीचं काम जायची वेळ आली होती.

मी अंबुजाबाईंना म्हटलं, “नाही सांगत. उद्या सकाळी आमचा माणूस येईल, हॉलमधल्या फोनला एक डबी लावेल. मग खुशाल काढून ठेवा.”

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण इतक्या दिवसांचं कोडं सुटलं की माणसाला शहाणपण आवरत नाही. मी उभी राहिले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ही हकिकत सांगितली, लुगड्यासकट, अंबुजाबाईंच्या आवाजाची नक्कल करून. तीसएक माणसं हसली. टाळी द्यायला लांबून लोक आले. मग मी खुर्चीत बसले आणि त्या रकान्यात माझ्या आयुष्यातलं पहिलं सत्य लिहिलं: ‘ग्राहकाची आई राहुकाळात रिसीव्हर काढून ठेवते.’ राघवनसाहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, पुन्हा हशा झाला. ते म्हणाले, “या काळात असली माणसं! काय म्हणावं?” त्या महिन्यात सर्वांत जास्त तक्रारी, एकही पुन्हा न उघडता, मीच बंद केल्या होत्या. त्याचं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळायचं होतं.

गुरुवारी सकाळी फिल्टर बसला. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी पद्माचा फोन. स्पीड राहुकाळातही पडला नव्हता. पण आवाज रडवेला होता.

“अक्का, बुधवारची फाइल उशीरां गेली. तिसरी वेळ. ऑफिसवाले म्हणतांत, चूक लाइनची होती म्हणून कंपनीचं पत्र आणा, उद्यां दुपारी बारांच्या आंत फॅक्स करा. नाहींतर नांव काढतो. तुम्हीं द्याल ना पत्र?”

“देते की,” मी म्हटलं. फॅक्सचा नंबर लिहून घेतला आणि पत्राचं बटण दाबलं.

आमचं पत्र संगणकच लिहायचा. ग्राहकाचं नाव, तक्रारींच्या तारखा, आणि शेवटच्या ओळीत कारणाचा रकाना जसाच्या तसा. पडद्यावर कंपनीच्या चिन्हाखाली, छान इंग्रजीत, माझा विनोद उभा होता. हे पत्र गेलं असतं तर पद्माची नोकरी त्याच कागदानं संपली असती, आणि कुणामुळे ते तिला सहीशिक्क्यासह कळलं असतं. हसताना तीस माणसं होती, आता मी एकटी.

बंद केलेल्या तक्रारीचं कारण बदलता येत नसे. ती पुन्हा उघडावी लागे, आणि उघडली की ज्यानं बंद केली त्याच्या नावावर फुली पडे. फुली मारायचा अधिकार राघवनसाहेबांचा, आणि ते गुरुवारी लवकर गेले होते. शुक्रवारी सकाळी मी दारातच त्यांना गाठलं.

“तुझं घड्याळ जाईल,” ते म्हणाले.

“जाऊ दे सर. वेळ कळायला कॅलेंडर आहे.”

त्यांनी तक्रार उघडून दिली. मी कारण खोडून लिहिलं, ‘पिलरमधला जोड खराब.’ वर्षानुवर्षं पिलरची पापं आम्ही ग्राहकांच्या माथी मारत आलो होतो. एकदा उलट झालं तर पिलरनं तक्रार करायचं कारण नव्हतं. पत्र छापलं आणि सहीसाठी घेऊन गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. बाहेर आले तेव्हा दहा पस्तीस झालेले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, टोपण लावलं आणि पत्र पेपरवेटखाली सरकवलं.

“बारानंतर,” ते म्हणाले.

“सर, बाराच्या आत फॅक्स जायला हवा!”

“महत्त्वाचं पत्र आहे म्हणतेस ना? मग या वेळी सही नको. तिच्याच भल्यासाठी सांगतोय.”

परवा वाचून दाखवताना सर्वांत मोठ्यानं हसलेला माणूस हा. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा माझं मालिकांतलं तमिळ कामी आणलं, तरी ते पेपरवेट हललं नाही. पद्माला निदान सांगावं, तुझ्या ऑफिसकडे पंधरा मिनिटं मागून घे, म्हणून तिच्या घरी फोन लावला. एंगेज. अर्थात एंगेज! तो मी स्वतःच बिनधास्त काढून ठेवायला सांगितला होता. अकराला एंगेज, साडेअकराला एंगेज. दोन्हीकडून राहूनं मला कोंडलं होतं. सेल्वी म्हणाली, पाणी पी.

बारा वाजून दोन मिनिटांनी सही झाली. बारा-पाचला फॅक्स गेला. पद्माला फोन लावायचं मला धाडस होईना. तिचाच आला, साडेबाराला.

“अक्का! ऑफिसांतून आत्तां फोन आला होता. अकरांपासून लावत होते म्हणे, नांव काढलं म्हणून सांगायास. बारांची वाट पण बघितली नाहीं त्यांनीं. पण आमची लाइन एंगेज, एंगेज, एंगेज. लागेपर्यंत तुमचं पत्र त्यांच्या हातीं आलं. वाचलं आणि मग सांगितलं, सोमवारपासून फाइल पाठवतो म्हणून!”

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेत यावर धडा नव्हता.

“पण अक्का,” ती पुढे म्हणाली, “मी तर फोनला हात पण लावला नाहीं. मग तासभर एंगेज कां? अजून फाल्ट आहे काय? नवी कंप्लेंट लिहून घ्या.”

“फॉल्ट नाहीये,” मी म्हटलं. “तुझी लाइन चांगली आहे, पद्मा. आईंना दे जरा.”

अंबुजाबाई आल्या. मुलगी जवळच असावी, कारण त्या कुजबुजल्या, “आज पांच मिनिटं जास्तच ठेवला होता. आमचं घड्याळ मागें आहे म्हणून.”

मला त्यांना सांगायचं होतं की परवा तुमच्या लुगड्यावर तीस माणसं हसली आणि हसवणारी मी होते. क्षमा मागायची होती. माझ्यामागे राघवनसाहेब उभे होते, पुढे चार फोन ताटकळत होते, आणि तोंडाला तक्रार केंद्राच्या एकाच भाषेचं वळण लागलेलं.

“काकू,” मी विचारलं, “स्पीड आता बरोबर आहे ना?”

“तें मज काय कळतं?” त्या म्हणाल्या. “पद्मी हसतीय.”